डोकं टेकायची जागा

"चित्रातल्या बाईच्या मागच्या भिंतीला ओल आहे," हे मी त्या वर्गात बोललेलं पहिलं वाक्य. एवढं बोलूनही मला तिथून कुणी हाकललं नाही, ही त्या वर्गाची चूक.

मी गेलो होतो चित्रकलेचा वर्ग रंगवायला. चार भिंती, एक छत, दोन खिडक्यांच्या चौकटी. एकतीस वर्षं हेच केलं. भिंतीला लांबी भरायची, घासायचं, प्रायमर मारायचा, मग रंगाचा पहिला हात, दुसरा हात. लांबी म्हणजे तो पांढरा लगदा. भेगांत आणि खड्ड्यांत कोंबला की मालकाला वाटतं, आपलं घर कालच बांधलंय. रंगारी म्हणजे दुसरं काय, घराचं वय चोरणारा माणूस. मालक कंबरेवर हात ठेवून सांगतात, "डाग दिसता कामा नये." पाइप फुटलाय, गच्ची गळतेय, ते सगळं असू दे, फक्त दिसता कामा नये. मी एकतीस वर्षं काही दिसू दिलं नाही. त्याचा मला अभिमान होता. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे हसायला सोपं जाईल.

काम संपलं आणि बाईंनी उतरवून ठेवलेलं चित्र पुन्हा खिळ्यावर टांगलं. बाई म्हणजे तिथल्या शिक्षिका, वयानं माझ्या मुलीएवढ्या, आणि अंगातला एप्रन असा की माझ्या पायपुसण्यानं मान खाली घालावी. चित्र त्यांना जुन्या सामानाच्या दुकानात मिळालं होतं. त्यावर सही नव्हती. खुर्चीत बसलेली एक म्हातारी. डावीकडे खिडकी, टेबलावर किटली, मागे मळकट पिवळी भिंत. म्हातारीचा एक गाल चक्क हिरवा. कपाळावर विटकरी रंगाचे तीन फटकारे. जवळून बघावं तर कुणीतरी ब्रश पुसल्यासारखं दिसायचं. तीन पावलं मागे सरकलो, तर ती माझ्याकडे बघत होती. आपण थाप मारतोय हे समोरच्याला कळलंय, आणि तरी तो आपल्याला थाप पूर्ण करू देतोय, तसं.

मला काहीतरी बोलणं भागच होतं. म्हणून ओलीचं बोललो. तिच्या डोक्यामागे भिंतीवर काळपट पसरट डाग होता. माझ्या अनुभवी नजरेनं निकाल दिला, आत पाइप असणार.

बाई हसल्या. "मग उद्यापासून या, काका, आणि दुरुस्त करा. या महिन्यात सगळे हेच चित्र काढणार आहेत. नक्कल करत करतच तैलरंग शिकायचे."

त्या गमतीनं बोलल्या. मी दुसऱ्या दिवशी हजर.

आता मी का गेलो ते सांगतो, नाहीतर वाटेल म्हाताऱ्याला कलेचा झटका आला. गुडघ्यांनी त्या वर्षी शिडीशी काडीमोड घेतला होता. हात मात्र शाबूत होते. आणि हात शाबूत आहेत तोवर मला बायकोचं चित्र काढायचं होतं. एकच. नीट.

कारण एक मी आधीच काढून ठेवलं होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी इस्त्रीवाल्याच्या दुकानाची पाटी रंगवायचं काम मिळालं. कडक शर्ट हातात धरून हसणारी बाई हवी होती. मी म्हटलं, परकी बाई कशाला, घरचीच घेऊ. आठवून आठवून काढली. गाल गुळगुळीत, कपाळ गुळगुळीत, कुठे ब्रशाची खूण नाही. शेजारीण हिला विचारायला लागली, "वहिनी, पाटीवरची ती नवीन कोण हो? तुमच्या नात्यातली का?" ही चारचौघांत खळखळून हसली. घरी आल्यावर म्हणाली, "दोन वर्षं रोज समोर बसून जेवताय. मान वर करून एकदा तरी बघितलंत का?" ती पाटी नऊ वर्षं टिकली. माझं काम पक्कं असतं ना. नऊ वर्षं ही त्या बाहुलीखालून येत-जात राहिली.

त्यानंतर मी हातात पेन्सिल घेतली की ही उठून आत जायची.

वर्गाचं ऐकून ती म्हणाली, "म्हणजे आता शिकून-सवरून माझी फजिती करणार." ती बटणं लावत होती. कारखान्यातून शर्टांचे गठ्ठे येतात, ती बटणं लावून देते. गल्लीत तिला बटणवाली म्हणतात. खिडकीशेजारच्या भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसायचं, डोकं मागे टेकायचं, आणि बोटं आपली चालू. अठ्ठावीस वर्षं तीच जागा. तिला सुईकडे बघावंच लागत नाही. त्यामुळे माझ्याकडे बघायला ती मोकळी.

"एकदा बस ना," मी म्हटलं.

तिनं दातानं दोरा तोडला. "आधी ती परकी बाई काढून दाखवा. मी स्वतः येऊन बघणार. ती जर पाटीवरच्यासारखी निघाली तर पुन्हा या घरात चित्राचा विषय नाही. मरेपर्यंत नाही."

"आणि बरी निघाली तर?"

"तर बसते. पण बरी कुणाच्या मते? माझ्या मते."

झालं. कोर्ट तिचं, न्यायाधीश तीच.

वर्गात आम्ही सातजण. माझ्या शेजारी एक दातांचे डॉक्टर. ते ब्रश असा धरायचे की कॅनव्हासनं "आ" करावा. पहिल्या दिवशी बाईंनी नियम सांगितला: खालचा थर टर्पेंटाइन घालून पातळ, वरचे थर जवसाच्या तेलानं जाड. हे मला शिकवायची गरज नव्हती. दुसरा नियम ऐकून मात्र मी उडालो.

"ब्रशाची खूण पुसायची नाही," बाई म्हणाल्या. "रंग ठेवा आणि हात उचला."

ज्या खुणेसाठी ठेकेदारानं माझ्या आईबापाचा उद्धार केला, जिच्यासाठी अख्खी भिंत पुन्हा घासून घेतली, ती खूण म्हणे ठेवा! मी ठेवायचो. बाईंची मान वळली की हात आपोआप वरून खाली, वरून खाली, सगळं सपाट. बाई मागून यायच्या आणि मनगटावर चिंधी मारायच्या. "काका, गालाला दुसरा हात मारू नका."

"अहो, पण डोळ्याला टोचतंय."

"टोचू दे. तिलाही काहीतरी टोचतंय म्हणूनच ती तशी बघतेय."

डॉक्टरांचं वेगळंच. त्यांनी तिसऱ्या दिवशी म्हातारीचा जबडा सरळ केला. बाईंनी विचारलं, हे काय. ते लाजून म्हणाले, "डावीकडच्या दाढा गेल्यात तिच्या. इतक्या वर्षांत कुणी कवळी करून दिली नाही, बघवेना." त्यांची म्हातारी आता एकदम तंदुरुस्त, फक्त तिचा मेहुणा असावा तशी दिसत होती. मी पोट धरून हसलो. स्वतःच्या कॅनव्हासकडे बघायला मला त्या दिवशी फुरसत नव्हती.

कारण मी भिंत करत होतो. चेहरा नंतर, आधी भिंत, हे कुठलाही शहाणा माणूस सांगेल. पिवळा कसा बनवला सांगू? पिवळी माती, पांढरा, हिरव्याचा एक ठिपका. बाईंनीही कौतुकानं मान हलवली. खिडकीची चौकट मूळ चित्रात कललेली होती, ती मी ओळंब्यात आणली. छताजवळ एक भेग होती, ती बुजवली. आणि ती ओल होती ना डोक्यामागे, तिचा तर मी नायनाट केला. खालून प्रायमर देऊन. चार दिवस लागले. इतकी सुंदर भिंत मी कुणाच्या दिवाणखान्यातही केली नव्हती. मग त्या भिंतीवर म्हातारी काढली. गाल हिरवा, फटकारे विटकरी, खुणा तशाच ठेवून, दात-ओठ खाऊन.

बाई बराच वेळ बघत राहिल्या. ओठ आत दुमडून. हसू दाबताना त्या तसं करायच्या, हे आता मला कळायला लागलं होतं.

"भिंत झकास झालीय. बाई कुठे गेली?"

"ही काय, बसलीय."

"बसलेली नाही, काका. ठेवलेली आहे."

"म्हणजे काय चुकलं?"

"ते तुम्हीच शोधा. मी सांगितलं तर तुम्ही तेवढंच कराल."

आठवडाभर मी चेहरा खरवडला. पत्र्याच्या छोट्या पट्टीनं रंग काढायचा, पुन्हा लावायचा. सात वेळा. डोळा मोठा केला, छोटा केला. भुवई उचलली. कधी ती रागावलेली दिसायची, कधी अपचन झालेली. पण थाप पकडणारी नजर काही येईना. फोटो काढायला बसवून फोटोवाला चहाला निघून गेल्यासारखी ती समोर नुसती ताटकळत होती.

घरी हात धुताना बायको नखं बघायची. "काल विटकरी होती, आज जांभळी. मार खातेय वाटतं बिचारी."

"तू बघशीलच."

"बघणार तर. नवीन पातळ नेसून येणार आहे. तुमची एवढी नाचक्की जुन्या पातळात बघणं बरं नाही."

आता माझं धाबं दणाणलं. आणि धाबं दणाणलं की माणूस आपल्याला जे येतं ते करतो, गरज असो वा नसो. बायको दोन दिवस थोरल्या बहिणीकडे गेली. मी ठरवलं, चित्र जमत नाही तर निदान न्यायाधीशाला खूश ठेवू. अठ्ठावीस वर्षं ती ऐकवत आली होती, "जगाची घरं रंगवता, आपल्या भिंतीचे पोपडे कधी बघणार?" मी सामान बाहेर काढलं आणि खोली रंगवायला घेतली.

तिच्या जागेवर, ती डोकं टेकायची तिथे, थाळीएवढा डाग होता. तेलाचा. रोज वेणीला चोपडलेलं तेल अठ्ठावीस वर्षं भिंतीत मुरलेलं, मधे गडद, कडेला फिका. तेलाचा डाग साध्या रंगाला जुमानत नाही, वर फुटून येतो. मी तो सोड्यानं घासला, पॉलिश पेपर मारला, तेलाचा प्रायमर दिला, त्यावर रंगाचे दोन हात. मग दारात उभा राहून बघितलं. डाग कुठे होता, हे मलाही दाखवता आलं नसतं.

ती परत आली. पिशवी खाली ठेवली. चारी बाजूंनी बघितलं.

"इथे कोण राहायला येणारंय?" तिनं विचारलं.

"आपणच."

"हो का? मला वाटलं, घर चुकलं." ती आपल्या कोपऱ्याकडे गेली. वाकून भिंतीवर बोट फिरवलं. "माझी जागा कुठंय?"

"तीच की."

"इथे होती ती पुसलीत होय," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. आवाज चढवला असता तर मी भांडलो असतो. मग तिनं शर्टांचा गठ्ठा उचलला आणि खोलीच्या मधोमध, कशालाही न टेकता, ताठ बसून बटणं लावायला लागली.

"अगं, टेकून बस ना."

"नको बाई. भिंत खराब व्हायची."

"पाठ दुखेल."

"दुखू दे. भिंतीचं नाव झालं पाहिजे."

तीन दिवस हेच. जाता-येता मी तिला ओलांडून जायचो, रस्त्यातल्या दगडाला वळसा घालावा तसा. शेजारीण डोकावली, "वा, काय चकाचक!" तर ही म्हणते, "हळू बोला, तडा जाईल." चौथ्या दिवशी सकाळी तिनं खरंच नवीन पातळ नेसलं. "चला. दाखवा तुमची ती बाई."

रस्ताभर मी मनात हिशेब करत होतो, नाक आणखी एकदा खरवडायला वेळ मिळेल का. मिळणार नव्हता.

वर्गात बाईंनी तिला स्टूल दिलं. ती बसली नाही. आधी भिंतीवरच्या मूळ चित्रासमोर जाऊन उभी राहिली. म्हातारी तिच्याकडे बघत होती, ती म्हातारीकडे. दोघींचं काहीतरी आपसांत ठरत असावं तितका वेळ गेला. डॉक्टरांनीही ब्रश खाली ठेवला. मग ही वळून माझ्या कॅनव्हाससमोर आली. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे.

"इथेही तुम्हीच जाऊन आलात वाटतं," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"हिचाही पुसलात."

"काय पुसलं?"

"डाग."

"अगं, ती ओल आहे. आत पाइप..."

"कुठला पाइप?" तिनं कपाळावर हात मारला. "एकतीस वर्षं भिंती बघताय आणि एवढं दिसत नाही? डोकं आहे ते. वर्षानुवर्षं तिथेच डोकं टेकून बसलीय ती. तिला तिथून कुणी उठवू शकत नाही, म्हणून तर अशी बघतेय. तुमची ही काल आलीय. उद्या जायचीय. ही कुणाकडे कशाला तशी बघेल?"

बाई खाली मान घालून हसत होत्या, खांदे हलत होते. शेवटी तेच स्टूल ओढून स्वतः बसल्या. "मी तीन आठवडे वाट बघतेय, कधी यांच्या लक्षात येतंय!"

"तुम्ही आणखी तीन वर्षं थांबला असतात," बायको म्हणाली. "मी अठ्ठावीस थांबलेय."

मला राग आला. खोटं कशाला बोलू. दोघी हसतात, त्यात डॉक्टर, ज्यांनी म्हातारीचा मेहुणा करून ठेवलाय तेही हसतात. मी रागानंच गडद तपकिरी रंग काढला, त्यात जवसाचं तेल ओतलं, आणि ब्रश न घेता थेट अंगठा बुडवला. चार दिवस घालवून केलेल्या त्या भिंतीवर, तिच्या डोक्यामागे, दाबला. जन्मात भिंत घाण केली नव्हती. अंगठा उचलला. पुन्हा दाबला. चिंधीनं कडा पसरवल्या, मधे पुन्हा अंगठा, गोल गोल, जसं कुणीतरी मान जराशी इकडे, जराशी तिकडे करत वर्षं काढली असतील तसं. घासताना माझ्याच खोलीतला डाग मला आठवत होता. उजवी बाजू जास्त काळी होती. ती बटण लावताना खिडकीकडे मान कलती ठेवते ना, म्हणून. हे मला घासून काढताना कळलं नव्हतं.

मी इथेही उजवी बाजू काळी केली. मूळ चित्रात तशी नव्हती.

तीन पावलं मागे झालो. चेहऱ्याला मी हात लावला नव्हता. तरी म्हातारी मागे रेलली होती. आणि बघत होती.

कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. बायको कंबरेवर हात ठेवून उभी राहिली, थेट घरमालकासारखी.

"नाक चुकलंय," ती म्हणाली.

"आणि बाकी?"

"बाकी..." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "हिला इस्त्रीच्या दुकानावर कुणी टांगणार नाही."

घरी येईपर्यंत ती भाजीच्या भावाबद्दलच बोलत राहिली. निकाल वाचून दाखवायला न्यायाधीशाला घाई नसते. संध्याकाळचं ऊन खिडकीतून आत आलं होतं. तिनं नवीन पातळ बदलून रोजचं नेसलं, वेणी सोडली, तेलाची बाटली घेतली आणि डोक्याला तेल लावायला बसली. नेहमीपेक्षा दुप्पट. ओघळ कानामागे आला तरी थांबेना.

"एवढं?" मी विचारलं.

"तुमचं ते रंगांचं खोकं काढा."

मी काढलं. कॅनव्हास ठेवायचं तिकाटणं उभं केलं, त्याचा एक पाय आखूड आहे, खाली बटणांची डबी सरकवली. ती शर्टांचा गठ्ठा घेऊन तिच्या कोपऱ्यात गेली. माझी पांढरी शुभ्र भिंत. कुठे भेग नाही, खूण नाही.

"डाग पडायला किती वर्षं लागली होती?" तिनं सुईत दोरा ओवत विचारलं.

"अठ्ठावीस."

"मग डागाशिवाय काढायचं नाही हं माझं चित्र. नाहीतर मीही काल आल्यासारखी दिसेन. रोज बसते संध्याकाळी. पडेल हळूहळू. तुम्ही तोवर नाकाचा सराव करा."

ती भिंतीला टेकली आणि तेलानं थबथबलेलं डोकं तिनं सावकाश मागे नेलं.

"अगं, भिंत!" माझ्या तोंडून निघालंच.

तिचं डोकं भिंतीपासून बोटभर अंतरावर थांबलं. तिनं मान वळवली नाही, नुसते डोळे वळवले, आणि माझ्याकडे बघितलं. उजवी भुवई जरा वर, ओठांचा एक कोपरा आत. मग माझ्यावरची नजर न काढता तिनं डोकं टेकलं.

मी गालासाठी ब्रश हिरव्यात बुडवला.